बारा मिनिटांचा दरवाजा

प्रेमानंद सर परीक्षेची ड्युटी आटोपून हिंगोलीहून परत आले, तेव्हा सिनेमा संपलेला होता आणि त्यांची बायको जागी होती.

या दोन्ही गोष्टी अशक्य होत्या. सिनेमा दोनला सुरू झाला होता आणि आता कुठे चार वाजत होते. सरांच्या अंदाजाने सिनेमातला कॅप्टन अजून बोळापर्यंतसुद्धा पोचायला नको होता. आणि शीतलबाई कुठलाही सिनेमा सुरू झाला की पंधराव्या मिनिटाला झोपतात, हे आखाडा बाळापूरच्या रविवार चित्र मंडळातल्या आठही सभासदांना ठाऊक होतं. आज मात्र त्या टेबलाला टेकून उभ्या होत्या, हातात भजी होती आणि डोळे टक्क उघडे होते.

"काय सर, उशीर केला," मंडळाचे अध्यक्ष सोनाजी म्हणाले. सोनाजींचं खाली ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि वर सरांचा टायपिंग-लघुलेखनाचा क्लास. रविवारी क्लासला सुट्टी, म्हणून मंडळ तिथेच भरे. "पिक्चर लय भारी निघाला हो."

"निघाला म्हणजे? तुम्ही सहा वेळा पाहिलाय तो!"

"पाह्यला. पण समजला आज."

सरांनी बायकोकडे पाहिलं. "तू जागी होतीस?"

"मंग काय झोपू?"

"बोळाचा प्रसंगसुद्धा पाहिलास?"

"पाह्यला ना. बिचारा कॅप्टन किती घाईत व्हता."

घाईत! सर मटकन खुर्चीत बसले.

सिनेमा पन्नास वर्षांपूर्वीचा, परदेशी, अवकाशयानातला. त्याच्या नावाचा उच्चार मंडळात कुणालाच जमत नसे म्हणून सगळे त्याला 'दरवाजा' म्हणत. यानाच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीतून कॅप्टनचा जुना मित्र उत्तर देईनासा होतो आणि कॅप्टन त्या खोलीच्या दरवाजापर्यंत एका लांबलचक बोळातून चालत जातो, एवढाच तो प्रसंग. सरांनी तो अकरा वेळा पाहिला होता आणि लघुलेखनाच्या परीक्षेला वापरतात त्या स्टॉपवॉचने मोजलाही होता. बरोबर बारा मिनिटं. दुःखात बुडालेल्या माणसाचं पाऊल उचलत नाही, हे जगात फक्त या दिग्दर्शकाला कळलं, असं प्रतिपादन करणारा साठ पानी निबंध सरांच्या कपाटात तयार होता.

मंडळाचा नियमच होता की हिंदी-मराठी सिनेमा घरी पाहा, इथे फक्त जुने परदेशी सिनेमे लागतील. ते सरांच्या लॅपटॉपवरून लागत आणि सर त्यांच्या संथपणावर बोलत. गेली सात वर्षं हे निर्वेध चाललं होतं. आज सर परीक्षेला अडकले, लॅपटॉप त्यांच्याजवळ राहिला, आणि मंडळाचा सगळ्यात नवा सभासद विजयकुमार म्हणाला की माझ्या फोनवर आहे, मी लावतो.

विजयकुमार तीन महिन्यांपूर्वी डोंगरकड्याला कृषी सहायक म्हणून रुजू झालेला. वय अठ्ठावीस, केस दाट, बोलणं भरभर.

"सर, लोक उगंच म्हणतात का पिक्चर स्लो हाय," तो भजी चावत म्हणाला. "कुठं स्लो हाय? कॅप्टनला मित्राची काळजी हाय ना, तो झपाझप चालून राहिला. मला तर धाकधूक झाली."

"मला बी झाली," शीतलबाई म्हणाल्या.

सरांना हेवा वाटला. उगाच आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. दाट केसांचा वाटला, डोंगरकड्याच्या नोकरीचा वाटला आणि सगळ्यात जास्त बायकोच्या त्या उघड्या डोळ्यांचा वाटला. अकरा वेळा ती त्यांच्या शेजारी बसून झोपली होती. त्यांनी निबंधातले उतारे कानात सांगितले तरी झोपली होती. आणि हा कालचा पोरगा येतो, फोन जोडतो आणि तिला धाकधूक होते!

त्यात सोनाजींनी खिशातून पत्र काढलं. हिंगोलीच्या चित्रपटप्रेमींनी 'दरवाजा'ला पन्नास वर्षं झाल्याबद्दल कार्यक्रम ठेवला होता आणि सिनेमावर वीस मिनिटं बोलायला बाळापूरच्या मंडळाने एक वक्ता पाठवावा, असं कळवलं होतं. सरांनी आपसूक घसा साफ केला.

"मला वाटते विजयकुमारला धाडावं," सोनाजी म्हणाले. "पोरगं बोलते चांगलं. लोक जागे राहतेत."

"मी साठ पानं लिहिली आहेत!"

"तेच म्हणतो ना सर. वीस मिनिटांत साठ पानं कशी बसतीन?"

त्या दिवसापासून सरांच्या जिवाला चैन नव्हतं. शीतलबाई भाजी निवडताना हसल्या तरी त्यांना शंका येई. मंगळवारी त्या लिंबाचं लोणचं बरणीत भरताना दिसल्या.

"कुणासाठी?"

"विजयकुमारला. एकटं राहते लेकरू, खानावळीत जेवते."

"एवढी मोठी बरणी?"

"लहानी फुटली. तुमच्याच हातून."

ते खरं होतं, पण सरांना त्यात दिलासा मिळाला नाही. ते कपाटाकडे गेले आणि निबंधात चार पानांची भर घालून बसले. विषय होता, उथळ प्रेक्षकाची घाई.

पुढच्या रविवारी मंडळात वाद पेटला.

"बोळाचा प्रसंग बारा मिनिटांचा आहे," सर म्हणाले. "बारा मिनिटांत झपाझप चालणारा माणूस यानातून बाहेर पडेल."

"बारा? सर, मी आठ दिवसांत तीनदा पाह्यला. सहाच मिनिटं हाय."

"मी स्टॉपवॉच लावून मोजलंय. माझं आयुष्य गेलं मिनिटं मोजण्यात!"

"मी बी फोनवर मोजलं."

"मग तुझी प्रत कापलेली आहे. अर्धा सिनेमा पाहून तू हिंगोलीला काय बोलणार?"

"न्हाई हो सर, तुमच्या प्रतीत कुणीतरी पाणी घातलं असन."

पाणी या शब्दावर सर उठून उभे राहिले. सोनाजींनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. मग सूप पिण्याच्या प्रसंगावरून जुंपली. सरांच्या मते कॅप्टन मित्राच्या आठवणीने घास गिळू शकत नाही, चमचा हवेत धरून बसतो. विजयकुमारच्या मते त्याला सपाटून भूक लागलेली असते. मंडळात दोन तट पडले. एका तटात सर होते आणि दुसऱ्यात बाकीचे.

"तू काय म्हणतेस?" सरांनी अखेर बायकोला विचारलं.

"मी त्या वेळी झोपेत असते," शीतलबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी पाह्यला तर भुकेलाच वाटला."

हे सरांच्या वर्मी लागलं. "ठीक आहे," ते ओठ आवळून म्हणाले. "दोन्ही प्रती एकदम लावा. या भिंतीवर माझी, त्या भिंतीवर याची. कुठे कात्री लागली ते सगळ्यांसमोर दिसू दे. ज्याची प्रत खोटी, तो हिंगोलीला जाणार नाही."

"बराबर हाय," विजयकुमार म्हणाला.

त्यापुढच्या रविवारी सोनाजींनी दुसरा प्रोजेक्टर भाच्याच्या मंगल कार्यालयातून आणला. पडदे ओढले. सरांच्या हातात स्टॉपवॉच, विजयकुमारच्या हातात घड्याळ. दोन्ही सिनेमे बोळाच्या तोंडाशी आणून उभे केले आणि सोनाजींनी तीन म्हटल्याबरोबर दोन्ही कॅप्टन एकदम निघाले.

दोन पावलांतच विजयकुमारचा कॅप्टन पुढे गेला. चौथ्या खिडकीशी तो थांबला तेव्हा सरांचा कॅप्टन दुसरीशीच होता. मंडळी खुर्च्या वळवून शर्यत पाहावी तशी पाहू लागली. "चाल लेका, चाल," कुणीतरी सरांच्या कॅप्टनला म्हणालं. सहा मिनिटांनी विजयकुमारच्या कॅप्टनने दरवाजा उघडला. सरांचा कॅप्टन बोळाच्या मध्यावर, खिन्न.

"पाहा! कापलंय!" सर ओरडले.

"कुठं कापलं? दाखवा ना तुमी!"

"थांबा," सोनाजी म्हणाले. "पुन्हा लावा. मी पावलं मोजतो."

पुन्हा लावलं. सोनाजी आधी उजव्या भिंतीसमोर बसले, मग डाव्या. बोटांची पेरं मोजत, ओठ हलवत. दोन्ही झाल्यावर ते उठले, गॅरेजात गिऱ्हाइकाला बिघाड सांगताना पुसत तसे हात पँटला पुसले.

"दोघाची पावलं सारखीच हायेत. एकशे चौदा. खिडक्या बी नऊच. कुणीच काही कापलं न्हाई, कुणी पाणी घातलं न्हाई. गाडी एकच हाय. गिअर अलग अलग हायेत."

मंडळींनी खुर्च्या पुन्हा वळवल्या, या वेळी फोन आणि लॅपटॉपकडे.

"विजयकुमार, तुझा फोन दाखव," सोनाजी म्हणाले.

विजयकुमारने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दीडपट हाय," तो पुटपुटला. "स्पर्धा परीक्षेचे लेक्चर ऐकायचो ना चार वर्षं. दीडपटीनं ऐकलं का पोर्शन लवकर होते. ते तसंच राहून गेलं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मला आता समोरची माणसं बोलली तरी स्लो वाटतेत."

सरांना आनंदाचं असं भरतं आलं की विचारू नका. "दीडपट! ऐकलंत? हा सिनेमा नव्हे, पळापळ पाहत होता, आणि म्हणे हिंगोलीला..."

"आता तुमचा, सर."

"माझ्यात काय पाहायचंय?"

सोनाजींनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. त्यांना बराच वेळ काही सापडेना. शेवटी शीतलबाई पुढे झाल्या आणि त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"पाऊण हाय. मीच करून ठेवलं. डिक्टेशनच्या रेकॉर्डिंग मिनिटाला ऐंशी शब्दांच्या हायेत. पाऊण केल्या का साठच्या बॅचला चालतेत. घडी घडी बदलायची तकलीफ नको म्हणून कायमचं केलं."

"कधी?" सरांनी विचारलं.

"लॅपटॉप घेतला तवाच. सात वर्षं झाली."

मंडळाच्या ध्यानात गोष्ट हळूहळू उतरत गेली. सात वर्षं. दर रविवार. तो जपानी म्हातारा, ती गाय विकायला निघालेली बाई, बर्फातला पोस्टमन.

"म्हंजे ते सगळेच?" सोनाजी म्हणाले. "अन् मला वाटायचं परदेशातली माणसंच सावकाश हायेत." मग त्यांनी दोन्ही भिंतींकडे पाहिलं. "म्हंजे बाळापुरात हा पिक्चर अजून कुणीच पाह्यलेला न्हाई."

त्या रविवारी भजी कुणी खाल्ली नाहीत.

आठ दिवसांनी मंडळाने 'दरवाजा' पहिल्यांदाच योग्य गतीने पाहिला. कॅप्टन बोळातून नऊ मिनिटांत गेला. सर खुर्चीच्या कडेवर बसून पाहत होते आणि शेजारी शीतलबाई, खरा सिनेमा एकदा बघू म्हणून, जाग्या होत्या. दिवे लागल्यावर सगळ्यांनी सर आणि विजयकुमारकडे पाहिलं.

"फारच धावतपळत केलाय," प्रेमानंद सर खिन्नपणे म्हणाले. "माणसाला दुःख करायला वेळच देत नाही."

"काय सांगता सर!" विजयकुमार उसळला. "लय म्हंजे लय लांबवला. मला दोनदा डुलकी लागली."

आणि वाद पुन्हा पेटला, फक्त बाजू बदलून. जो आजवर सिनेमा वेगवान म्हणत होता तो संथ म्हणू लागला आणि जो संथपणाच्या आरत्या ओवाळत होता तो दिग्दर्शकाच्या घाईला नावं ठेवू लागला. सोनाजींनी दहा मिनिटं ऐकलं आणि हिंगोलीला कळवून टाकलं की आमचे दोन वक्ते येतील, दहा-दहा मिनिटं बोलतील, मधे माणूस बसवावा.

सरांना भाषण मिळालं होतं. निम्मं का होईना, मिळालं होतं. तरी क्लासला कुलूप लावताना त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. जिन्यातच त्यांनी विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"पाऊण."

शीतलबाईंनी पदर खोचला. "तिसऱ्या-चौथ्या पिक्चरलाच समजलं. एक बाई दळण दळून राहिली व्हती. एवढं हळू दळलं तर पीठ व्हईन का?"

"मग सांगितलं का नाहीस? साठ पानं लिहिली मी! चौसष्ट!"

"काहून सांगू? आठवडाभर शाळेची नोकरी, घर, क्लासचे फॉर्म. रविवारी एक तेवढी झोप भेटते मला. अडीच तासाच्या पिक्चरला तीन तास वीस मिनिटं झोप. सांगितलं असतं तर पन्नास मिनिटं गेली असती ना माझी."

सर चार पायऱ्या उतरले. खरा काटा तो नव्हताच. ते थांबले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मात्र नाही झोपलीस. त्या विजयकुमारच्या वेळी. डोळे कसे टक्क उघडे होते तुझे."

शीतलबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तीन आठवड्यांची भाजी, बरणी आणि ओठ आवळणं त्यांच्या आत्ता ध्यानात आलं असावं.

"तुमी नव्हते ना तिथं," त्या म्हणाल्या. "लोकाच्या लेकरासमोर घोरत बसू काय मी? लाज न्हाई का? चिमटे घेऊ घेऊ जागी राहिले. हात पाहा, अजून लाल हाय."

हात लाल नव्हता, तीन आठवडे झाले होते. पण सरांनी तो नीट निरखून पाहिला, मनगटापासून कोपरापर्यंत. मग खिशातून किल्ली काढली, जिना पुन्हा चढले आणि कुलूप उघडलं.

"आता काय राह्यलं?" शीतलबाईंनी विचारलं.

"साडेपाचच वाजलेत," सर म्हणाले. "बस."

त्यांनी लॅपटॉप सुरू केला, तो कोपरा शोधला आणि गती पाऊण केली. मागच्या भिंतीजवळच्या आपल्या दोन खुर्च्या जवळ ओढल्या. सिनेमा सुरू झाला. सवयीने त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. कॅप्टनने उजवा बूट घातला, डावा हातात घेतला आणि तेवढ्यात सरांच्या खांद्यावर ओळखीचं वजन आलं.

चार मिनिटं दहा सेकंद. सरांनी घड्याळ बंद केलं, खिशात ठेवलं आणि अजिबात न हलता पाऊण गतीने बाराव्यांदा सिनेमा पाहू लागले.