इन्स्पेक्शनवाले कांबळेकाका

कांबळेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते आम्हाला नाही, आमच्या फ्रिजला भेटायला. घाटकोपरला राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. दार उघडलं तर समोर इस्त्रीचा शर्ट घातलेले, साठीचे एक गृहस्थ. हातात वीतभर लांब स्क्रू-ड्रायव्हर.

"खालच्या मजल्यावर कांबळे. तुमचा फ्रिज माझ्या डोक्यावर कण्हतोय. बघू जरा."

आत येऊन त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फ्रिजच्या पाठीला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर पेशंट तपासताना घरातली माणसं उभी राहतात तसे आम्ही नवरा-बायको उभे.

"पायाचा रबर गेलाय. बाकी पास," म्हणाले आणि निघून गेले.

विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात गेली होती. रिटायर झाल्यावर खातं सुटलं, इन्स्पेक्शन सुटलं नाही. जगातल्या सगळ्या वस्तू त्यांच्या लेखी तीन प्रकारच्या: पास, रिजेक्ट आणि रिवर्क. लग्नातली जिलबी पास. सोसायटीच्या सेक्रेटरीचं भाषण रिजेक्ट. माझी बायको सुनंदा हिचा चहा पहिल्या दिवशी "रिवर्क" म्हणून आलं घालायला परत गेला. ती चिडली नाही. हसत आलं किसायला बसली.

सुनंदा अंधेरीच्या एका शाळेत शिकवते. लहानपणीच्या पोलिओमुळे तिच्या पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार आहे. एकदा बसमधून उतरताना ती पडली, हात मोडला, आणि घरात नोकरी सोडायचं बोलणं सुरू झालं. तिला ते नको होतं. म्हणून पुष्कळ वर्षांपूर्वी लावलेला नंबर आला तसं ऑफिसातून कर्ज काढून आम्ही नवी कोरी मोटार घेतली. सकाळी तिला शाळेत सोडायचं आणि तसंच पुढे माझ्या ऑफिसात जायचं. चार महिने झकास गेले.

मग एका सकाळी साकीनाक्याच्या चौकात इंजिनातून दगड दळल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी मेली.

कंपनीच्या अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये ती ओढून नेली. मॅनेजरने बॉनेट उघडलंही नाही. "इंजिन जाम झालंय. तेल न घालता चालवली. ग्राहकाचा निष्काळजीपणा वॉरंटीत बसत नाही."

"अहो, तेल परवाच बघितलं होतं!"

"सगळे असंच म्हणतात."

मी घरी आलो. सुनंदाने ऐकून घेतलं आणि वहीतला एक कागद फाडला. राजीनामा लिहायला.

तेवढ्यात कांबळेकाका आले. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडून हकीकत ऐकली आणि म्हणाले, "बाई, पेन ठेवा. इंजिन उघडलं का त्यांनी? नाही ना? न उघडता रिजेक्ट? हे कुठलं इन्स्पेक्शन!"

दुसऱ्या दिवशी काका आणि मी वर्कशॉपमध्ये. रात्री बसून काकांनी वॉरंटीचं अख्खं पुस्तक वाचून काढलं होतं, छापखान्याच्या पत्त्यासकट.

"देखिए अंकल..." मॅनेजरने सुरुवात केली.

"मी अंकल नाही, इन्स्पेक्शन. इंजिन उघडा. माझ्यासमोर."

मॅनेजर नाही म्हणाला. काका गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले. मी ऑफिसला गेलो, ते बसूनच राहिले. रोज दहा वाजता डबा घेऊन जायचे आणि वर्कशॉप बंद होताना उठायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरच्या टेबलफॅनला स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं आणि बजावलं, "हा जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही."

मे महिना होता. फॅन साडेबारालाच बंद पडला. काकांनी तो तिथल्या तिथे खोलला, पुसला, तेल दिलं, चालू करून दिला. मॅनेजर वारा खात म्हणाला, "ठीक आहे. उद्या उघडतो."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मिस्त्रीने खालचा बोल्ट सोडला तसं तेल धो धो वाहू लागलं. काकांनी ते घरून नेलेल्या स्टीलच्या डब्यात धरलं. डबा भरला, तरी तेल येतच होतं.

"तेल नव्हतं म्हणालात ना?" काका म्हणाले.

मग मिस्त्रीने इंजिन खोलल्यावर आतल्या दांड्यात तेल जायची जी बारीक वाट असते, तिच्यात काकांनी तार घातली. ती अडली. त्यांनी हळूहळू टोचून बाहेर काढलं ते पोलादाचं एक कुरळं कात्रण, बाळाच्या जावळातल्या केसाएवढं. भोक पाडताना कारखान्यातच आत राहिलेलं.

"हा तुमचा माल," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या साहेबांच्या घरी ड्रिल मशीन नाही."

कात्रण पाकिटात गेलं, पाकिटावर काकांची आणि मॅनेजरची सही झाली. महिन्याभराने कंपनीने नवं इंजिन बसवून दिलं, एक पैसा न घेता. शाळा सुरू झाली त्या दिवशी सुनंदा गाडीतून फाटकापाशी उतरली, वळली आणि मला हात केला. ते आठवलं की अजूनही मला काकांच्या पाया पडावंसं वाटतं.

त्यांना काय द्यावं हे आम्हाला कळेना. विचारलं तर ओशाळले. "रविवारी विक्रोळीला सोडाल? पावसाळा लागल्यापासून गुडघे बसमध्ये चढू देत नाहीत."

आम्ही तिघंही गेलो. चाळीतल्या एका खोलीत परब नावाचे म्हातारे गृहस्थ पलंगावर बसले होते. काकांना बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी डावा हात पुढे केला. नखं चांगलीच वाढली होती. उजव्या हाताला अंगठ्याशिवाय बोटं नव्हती.

काकांनी खिशातून नेलकटर काढला, मांडीवर रुमाल पसरला आणि परबांचा हात त्यावर घेऊन एकेक नख कापायला लागले. मान खाली घालून. कापून झाल्यावर प्रत्येक नखावरून अंगठा फिरवून बघत होते.

मग हात धुवायला ते बाहेर गेले. परब हळू आवाजात आम्हाला म्हणाले, "ह्येच्याच कारखान्यात पत्रो कापूच्या प्रेसवर होतंय मी. बोटा आत जावची नाय म्हणान लावतत तो मशीनचो गार्ड ढिलो होतो. महिनाअखेरची घाई, ह्येनी नीट न बघता पास केल्यान. मी कधी एका शब्दान बोललंय नाय. पण तेव्हापासून दर महिन्याक येता."

"घरात दुसरं कोणी नाही का?" सुनंदाने विचारलं.

"आसा ना, सून आसा. ती म्हणता, मी कापून देतंय. पण ह्याका बरा वाटता, म्हणान मी नखा राखून ठेवतंय."

काका आत आले. आम्ही चहा घेतला आणि निघालो. परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर बसले होते. विक्रोळी मागे पडली तशी सुनंदा वळून म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात कोणता रविवार?"

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.