तुपेकाकांच्या न्हाणीतली कळी

स्वतःच्याच न्हाणीचं दार वाजवून, "येऊ का?" असं विचारून आत जाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे केडगावातले आमचे शेजारी तुपेकाका. आत काकू असतील म्हणून विचारत असावेत, असं मला आधी वाटे. पण आत कुणीच नसायचं. आत एक कुंडी होती.

काका लष्करात गाड्या दुरुस्त करायचे. शिलाँगच्या पोस्टिंगवरून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर काकू, एक लोखंडी ट्रंक आणि हे झाड होतं. सबंध प्रवासात झाड काकांच्या मांडीवर होतं आणि काकू ट्रंकेवर बसल्या होत्या. हे काकूंनी आम्हाला निदान शंभरदा सांगितलं असेल.

झाड ऑर्किडचं. चट्ट्यापट्ट्यांची पाच-सहा पानं, बाकी काही नाही. त्याला म्हणे सपातेच्या चवड्यासारखं फूल येतं, म्हणून साहेब लोक त्याला स्लिपर ऑर्किड म्हणतात. आमच्या नगरच्या उन्हात ते जगणंच कठीण. म्हणून सावलीची, ओलसर, थंड जागा म्हणजे न्हाणी. तिथं विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाच्या शेंड्या भरलेल्या कुंडीत ते राहायचं आणि घरची माणसं त्याच्या सोयीनं आंघोळ करायची. साबण दुसऱ्या कोपऱ्यात. कढत पाणी बंद. एका साली एक कळी आली होती, तेव्हा काकूंचे भाऊ मुक्कामाला आले आणि दार लावून वाफाळत्या पाण्यानं मनसोक्त न्हाले. कळी काळी पडून गळाली. काकांनी मेव्हण्याशी बोलणं टाकलं.

"सिच्युएशन लई नाजूक हाय," हे काकांचं पालुपद. दूध उतू जायला आलं, टँकर उशिरा आला, कुणाचं लग्न ठरत नसलं, तरी सिच्युएशन नाजूकच. हळू आवाजात, इकडेतिकडे पाहत ते असं सांगत की ऐकणाऱ्यानंही मागं वळून पाहावं.

बहात्तरच्या दुष्काळात तर ती खरोखरच नाजूक झाली. विहिरीचं उरलंसुरलं पाणी खारट आणि झाडाला खारं पाणी चालत नाही, पानांची टोकं जळतात. काकांनी तोड काढली. गॅरेजवाल्या दोस्ताकडून ते बॅटरीत घालायचं बिनक्षाराचं पाणी आणू लागले.

"मला मचूळ चहा अन् सवतीला गाळीव पानी!" काकू आमच्या अंगणात येऊन आईला सांगायच्या. "हिच्याच संगं लावायचं हुतं लगीन."

त्या हिवाळ्यात पुन्हा कळी आली. पानांच्या बेचक्यात हिरवं टोक दिसलं आणि त्याच सुमारास काकूंच्या पोटात दुखू लागलं. कळी फार हळू वाढते. दुखणं मात्र भराभर वाढलं. डॉक्टरांनी पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनचा दिवस ठरला.

मी विचारायचो, "काका, काकू कशा आहेत?"

"देठ उचललाय. पन मान टाकती का काय, भ्या वाटतं."

"काकूंचं विचारतोय मी."

"व्हय, व्हय," म्हणायचे आणि पुन्हा कळीवर यायचे. रात्रीची थंडी पुरते का, वारा लागतो का, मुंगी चढली का. मला त्यांचा भारी राग यायचा. घरात बायको पोट धरून बसलेली आणि या गृहस्थाला फुलाची पडलेली! आणि गंमत अशी की तो घोर मलाही लागला. कचेरीत फायली चाळताना मध्येच मनात येई, गळाली तर नसेल?

खरा धोका होता माझ्या आईचा. आईची परडी पहाटेच निघायची. देवासाठी फूल तोडताना कुणाला विचारायचं नसतं, अशी तिची पक्की समजूत आणि दुष्काळात आळीत एक तगर धड उरली नव्हती. काकांनी न्हाणीला कुलूप घातलं. घरची आंघोळ परसात, लुगड्याच्या आडोशाला सुरू झाली.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी फूल उमललं. काकांनी मला बोलावून, दार वाजवून, आत नेलं. वर हिरव्या रेघांचा पांढरा पडदा, खाली शिरा-शिरांची पिवळट पिशवी. चांगलं की वाईट, मला सांगता येईना. "आता दोन म्हैने हलत न्हाई," काका कुजबुजले. "फकस्त कुनी तोडू नये."

सकाळी टॅक्सी आली. निरोप द्यायला गेलो तर न्हाणीचं दार सताड उघडं. कुंडीत नुसता देठ, वरून साफ कापलेला.

तसाच पळत घरी आलो. देवापुढं फक्त तुळस.

"आई, काकांचं फूल तू तोडलंस?"

"ते?" आई म्हणाली. "मी काल न्हाणीच्या खिडकीतून पाहिलं. बेडकानं तोंड उघडावं तसं ते. देवाला घालीन होय?"

बाहेर आलो तर टॅक्सीपाशी काकू उभ्या होत्या. चेहरा ओढलेला, अंगावर ठेवणीतलं लुगडं आणि अंबाड्यात ते भलं थोरलं फूल. काका ते नीट बसवू पाहत होते. बसत नव्हतं.

"काका, तुम्ही तोडलंत?"

"शिलाँगच्या बाजारात हिनं मागितलं हुतं, डोक्यात घालाया. म्या म्हनलं, येडी का काय, हे झाडावर दोन म्हैने ऱ्हातं, तोडायचं न्हाई. अन् फुलाऐवजी झाड घेऊन दिलं." त्यांनी फूल पुन्हा खोचून पाहिलं. "झाडावर दोन म्हैने ऱ्हाऊन काय करायचंय आता?"

आईनं स्वतःच्या अंबाड्यातला आकडा काढून दिला.

"बसा की आता," काकू म्हणाल्या. "शिच्युएशन काय म्हनती?"

काकांनी काकूंना हात देऊन आधी आत बसवलं. ते काकूंशेजारी बसले. रस्ता खड्ड्यांचा होता, गाडी हादरत निघाली. पुण्याच्या वळणाला ती दिसेनाशी होईपर्यंत मागच्या काचेतून मला काकांचा हात दिसत होता. काकूंच्या अंबाड्याखाली तळवा धरलेला, फूल पडलंच तर झेलायला.