फौजदाराने नेलेली बाही

हिलाल नानांचं कुत्रं चोर होतं, हे सावद्याच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पिल्लू असताना ते फाटकात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळे वटारायचं, म्हणून नानांनी मोठ्या कौतुकानं त्याचं नाव फौजदार ठेवलं. पुढे फौजदार मोठा झाला आणि रोज काही ना काही उचलून आणू लागला. कुणाची एक चप्पल, कुणाचं पायपुसणं, एकदा तर कुणाच्या तरी दाढीचा ब्रश. तो काही फाडायचा नाही, चावायचा नाही. आणलेली वस्तू ओट्यावर नीट ठेवायचा आणि शेजारी झोपायचा. नानांची बायको लताबाई ती वस्तू कंपाउंडच्या भिंतीवर मांडून ठेवायची. ज्याचं हरवलं असेल तो येऊन घेऊन जायचा, जाताना चहा पिऊन जायचा. कुणाची तक्रार नव्हती.

पण त्या शुक्रवारी सकाळी गल्लीच्या तोंडावरचे खाजाभाई टेलर धापा टाकत आले.

"नाना, घात झाला! तुमच्या फौजदारानं बाही नेली!"

"कुणाची?"

"आमिरच्या शेरवानीची! दुपारी निकाह आहे पोराचा!"

आमिर म्हणजे खाजाभाईंचा सख्खा भाचा. शेरवानीचं मोतिया रंगाचं कापड नवरीच्या वडिलांनी सुरतेहून आणलं होतं, ते बेताचंच होतं. अंग शिवून झालं होतं, बाह्या शिवून झाल्या होत्या, फक्त जोडायच्या राहिल्या होत्या. खाजाभाई इस्त्री तापवायला वळले आणि तेवढ्यात एक बाही गल्लीतून पळताना दिसली.

फौजदार तर ओट्यावर पाय ताणून झोपला होता. बाही कुठेच नव्हती.

लताबाईंचं माहेर धुळ्याकडचं. घाबरल्या की त्यांच्या तोंडी अहिराणीच यायची. "मी बठ्ठा ओटा दखी लिधा," सगळा ओटा धुंडाळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काहीच नही शे!"

नाना चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. अडचण आली की त्यांना कल्पना सुचायची. "खाजाभाई, दुसरी बाही आणा. त्याला दाखवू. पहिली जिथं ठेवली तिथं तो आपल्याला घेऊन जाईल."

"दाखवायची फक्त. द्यायची नाही," खाजाभाईंनी बजावलं.

त्यांनी बाही आणली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि फौजदाराच्या नाकापुढे नेली. फौजदारानं वास घेतला, शेपटी हलवली आणि पुढच्या क्षणी खाजाभाईंचे दोन्ही हात रिकामे झाले.

"नाना!"

"पळा! घेऊन चाललाय बघा, मी म्हटलं नव्हतं?"

फौजदार पुढे, नाना स्कूटरवर, मागे पळत खाजाभाई, चपला हातात घेऊन. फौजदार केळीच्या वखारीत शिरला. तिथं एक ट्रक भरून तयार उभा होता. ट्रकमध्ये खोक्यांच्या मागे वाळलेली पानं पसरलेली होती. फौजदारानं एका उडीत ट्रकचं मागचं फळकूट ओलांडलं आणि तो पानांत दिसेनासा झाला. त्याच क्षणी ट्रक सुटला.

"दिल्लीची गाडी आहे ती," हमाल म्हणाला.

खाजाभाईंनी चपला पायात घातल्या. "नाना, तुम्ही जा. मी दुकानात जातो. घरच्यांना काहीतरी सांगायला पाहिजे."

नानांनी स्कूटर पिळली. रावेर मागे पडलं तरी ट्रक थांबेना. ट्रकच्या मागच्या फळ्यांमधून फौजदाराचं तोंड बाहेर आलं होतं. त्याला वारा आवडलेला दिसत होता. शेवटी नाना ट्रकच्या बरोबरीला आले आणि जीव खाऊन ओरडले, "थांबव गाडी! फौजदार आहे! फौजदार!"

करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हर कागदांची पिशवी घेऊन खाली उतरला. "साहेब, सगळे कागद बरोबर आहेत. चहापाणी घ्या, पण—"

"कागद राहू द्या. मला मागचं बघायचंय."

पानांत दोन्ही बाह्या होत्या. एकावर एक, अगदी नीट ठेवलेल्या. डाग नाही, भोक नाही. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी फौजदाराला शाबासकी दिली. मग आपण कशासाठी शाबासकी दिली ते आठवून ते जरा ओशाळले.

ते सावद्याला पोहोचले तेव्हा निकाह होऊन जेवणं सुरू झाली होती. बाह्या खिशात कोंबून नाना मंडपात धावत शिरले आणि जागीच थबकले. आमिर पांढऱ्याशुभ्र कुडत्यावर बिनबाह्यांची लांब शेरवानी घालून उभा होता. देखणा दिसत होता. पोरं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. दोघं जण तर खाजाभाईंना तसलीच शिवायला सांगत होते.

खाजाभाईंनी नानांना कोपऱ्यात ओढलं. "पुण्याची नवी फॅशन म्हणून सांगितलंय. बाह्यांचं नाव काढू नका!"

नाना पंगतीला बसले. शेजारीच नवरीचे वडील. समोर बिर्याणी आली, भूक लागलेली होती, आणि कशाची आठवणच राहिली नाही.

"नाना," नवरीचे वडील म्हणाले, "खिशातून काय लोंबतंय? कापड ओळखीचं वाटतंय."

नानांनी पटकन खिशावर हात ठेवला. वाढायला आलेले खाजाभाई चटकन म्हणाले, "रुमाल आहेत. उरलेल्या तुकड्यांचे शिवले, खास पाहुण्यांसाठी."

"असं? मग मलाही द्या की एक."

नानांनी दुसरी बाही काढून दिली. नवरीच्या वडिलांनी ती उलटीसुलटी केली, हात कोपरापर्यंत आत घातला, पलीकडून बोटं बाहेर काढली आणि त्या सुरती कापडाला रस्सा पुसत मनापासून म्हणाले, "वा खाजाभाई! आतूनही पुसता येतं, बाहेरूनही. असला रुमाल सुरतेतसुद्धा मिळत नाही!"