वेलांटीकाकांचं मौन

रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला काकूंनी दोन्ही मोबाइल कपाटात ठेवले, किल्ली फिरवली आणि ती कुठेतरी लपवून आल्या.

"संध्याकाळी सहापर्यंत," त्या म्हणाल्या.

"सहापर्यंत," काका म्हणाले. एखाद्याला पाणी न देता खोलीत कोंडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर छापायला जाण्याआधी वाचायचा आणि त्यातल्या चुका हुडकून काढायच्या, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. पूर्वी हे काम साडेपाचला संपायचं. मोबाइल आला आणि सगळं जगच तपासायला त्यांच्या हातात येऊन पडलं. कुणी बाळाचा फोटो टाकून लिहावं, 'आमच्या घरी परि आली', की पाचव्या मिनिटाला काकांचं उत्तर हजर: 'परी. री दीर्घ.' बाळ कसं आहे, आई कशी आहे, ते पुढच्या मेसेजमध्ये. आठवलं तर. घरातली पोरंटोरं त्यांना वेलांटीकाका म्हणायची, आणि हळूहळू मोठेही म्हणायला लागले.

या वेलांटीपायी एक मोठं दुखणंही होऊन बसलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'कळवण्यास आनंद होतो की माझी मुलगी हीचे लग्न ठरले.' काकांनी लिहिलं, 'हीचे नव्हे, हिचे. अभिनंदन.' धाकट्याने रात्रीतून ग्रुप सोडला आणि बोलणंही सोडलं.

काकूंनी तेव्हाही फार काही म्हटलं नाही. पण गेल्या गुरुवारी त्यांनी, आपण जिन्यावरून कशा घसरलो, खालच्या बाईंनी कसं उठवलं, ते साग्रसंगीत सांगितलं. काका मोबाइलमध्ये बघत 'हं, हं' करत होते. शेवटी मान वर करून त्यांनी विचारलं, "कोण पडलं?"

त्यावर हा रविवार ठरला. काकांनी शनिवारी कुटुंबाच्या ग्रुपवर रीतसर निवेदनही दिलं, आणि आता घरात दोघंच समोरासमोर बसले होते.

"बोला," काकू म्हणाल्या.

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? मग ते माझंच बोलणं होईल."

काकांनी विचार केला. "आज ऊन आहे," ते म्हणाले.

"आहे."

विषय संपला. काका उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. खिशात हात घातला, रिकामा काढला. कपडे धुण्याच्या पावडरीचा पुडा उचलून मागचा मजकूर वाचला, त्यात दोन चुका सापडल्या, त्या पेनाने दुरुस्त केल्या आणि जरा बरं वाटलं. तेवढ्यात कपाट वाजलं.

आधी काकूंचा फोन वाजला, मग काकांचा, मग दोन्ही एकदम. लोखंडी कपाट आतून थरथरायला लागलं.

"कुणाला काही झालं असेल," काका म्हणाले.

"काही झालं असेल तर येऊन सांगतील. आपल्या आईवडिलांच्या काळी काय करायचे?"

"अगं, पण अकरा वेळा वाजला!"

"मोजताय काय? माझ्याशी बोला."

काका कपाटासमोर उभे राहिले. कान दाराला लावला. किल्ली कुठे असेल याचा मनाशी अंदाज घेतला, साखरेच्या डब्याकडे दोन पावलं टाकली, काकूंची नजर पाहून तीच दोन पावलं मागे घेतली. असं साडेअकरापर्यंत चाललं. साडेअकराला दारावरची घंटा वाजली.

दारात आत्या होती. वय ऐंशी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात भलंमोठं कलिंगड.

"फोन का उचलत नाही रे? काय काय आणू म्हणून विचारत होते. शेवटी हेच घेतलं," असं म्हणत ती आत येऊन सर्वांत चांगल्या खुर्चीत बसलीसुद्धा. तिच्या मागून मावसभाऊ, त्याची बायको आणि भाताचं झाकलेलं पातेलं आलं. त्यांच्या मागून काकूंची बहीण, तिचा नवरा, दोन मुली आणि घडीच्या सहा खुर्च्या.

"ताई," काकूंची बहीण म्हणाली, "भाजी मी केलीय आणि गोडही आणलंय. तू गॅससुद्धा पेटवू नकोस."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. मग काकांनी मावसभावाला बाजूला घेतलं.

"तुम्ही सगळे... आज... म्हणजे कसं काय?"

"कसं काय म्हणजे? तूच लिहिलंस ना!" मावसभावाने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

काकांनी वाचलं. 'रविवारी सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत आमच्या घरी मौज आहे. सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'

मौज. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तरी मौजच. लिहायचं होतं 'मौन'. 'मौ' टाइप केल्यावर मोबाइलने आपल्या अकलेने पुढचं अक्षर घातलं होतं, आणि स्वतःचाच मजकूर असल्यामुळे काकांच्या डोळ्यांनी तिथे मौनच वाचलं होतं. छापखान्यात नव्याने येणाऱ्यांना ते पहिल्याच दिवशी बजावायचे, की आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नसतं.

"मला आधी वाटलं, काहीतरी घोटाळा आहे," मावसभाऊ म्हणाला. "वेलांटी आणि मौज? पण आत्या म्हणाली, त्याच्या लिहिण्यात चूक असणं शक्यच नाही. लिहिलंय म्हणजे आहे."

हे ऐकल्यावर खरं सांगायचं धाडस काकांना होईना. "आहे तर," ते म्हणाले. "मौज आहे. या, बसा."

साडेबारापर्यंत घरात एकोणीस माणसं झाली. आणि पाऊण वाजता दारात धाकटा उभा राहिला, शेजारी त्याची मुलगी. ग्रुपवरचा मेसेज तिनेच त्याला दाखवला होता.

"दादा," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "ही म्हणाली, काका मौज आहे असं लिहितोय म्हणजे बदललाय. म्हटलं, मग आपणच कशाला ताणून धरायचं." त्याने खिशातून पाकीट काढलं. "पत्रिका काल छापून आल्या. सहाशे. पोती गाडीतच आहेत. पहिली तुलाच."

काकांनी धाकट्याचा हात धरून त्याला आत घेतलं, पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवला, पाकीट उघडलं, पत्रिका वाचली आणि ते जागच्या जागी थिजले.

"कशी आहे?" धाकट्याने विचारलं.

"छान," काका म्हणाले. "कागद छान आहे." आणि ते तडक स्वयंपाकघरात गेले.

"पत्रिकेत चूक आहे," ते काकूंच्या कानात पुटपुटले.

"आज नाही!" काकू दातओठ खात कुजबुजल्या. "चार महिन्यांनी घरात पाऊल टाकलंय त्याने. ऱ्हस्व असो की दीर्घ, मुकाट्याने गिळा."

"अगं, वार चुकलाय. 'शनिवार, दिनांक चौदा' असं छापलंय. चौदाला शुक्रवार आहे. पुढच्या वर्षाची डायरी याच आठवड्यात मी तीन वेळा तपासलीय."

काकूंच्या हातातला डाव हवेतच राहिला. "मग सांगा की लगेच!"

"तू सांग."

"मी? तुमच्या भावाला?"

काका बाहेर आले, धाकट्याच्या शेजारी बसले. पायाची बोटं चपलेत वळवळत होती. "हॉल कितव्या तारखेचा मिळाला?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चौदाचा."

"चौदाचाच? पंधराचा नाही?"

"चौदाचाच, दादा. पत्रिकेत आहे की."

"आहे, आहे." काका घोटभर पाणी प्यायले. त्यांनी कलिंगडाची फोड उचलली, ठेवली. पुन्हा उचलली. सहाशे घरांतली माणसं शनिवारी नटूनथटून रिकाम्या हॉलसमोर उभी आहेत, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी डोळे मिटून टाकले आणि एका दमात म्हणाले, "चौदाला शुक्रवार आहे."

धाकट्याने पत्रिका हिसकावून घेतली, मोबाइलवर तारीख पाहिली. मग त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"सापडली! अखेर सापडली तुला! दारात पाऊल टाकून दहा मिनिटं झाली नाहीत, आणि... दर वेळी मीच चुकतो, तू कधीच चुकत नाहीस! चल गं." आणि तो उठला.

"थांब!" काका ओरडले. घरातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. "मीही चुकलोय. मौज नव्हतं लिहायचं. मौन लिहायचं होतं."

आत्याने कानामागे हात धरला.

"म्हणजे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे आज आम्ही मोबाइल बंद ठेवून गप्प बसणार होतो. कुणी फोन करू नये, म्हणून लिहिलं होतं."

"म्हणजे तू आम्हाला बोलावलंच नव्हतंस?"

"नाही," काका म्हणाले.

आत्या वाढलेल्या ताटाकडे बघत राहिली. "आता मी उठायची नाही," तिने जाहीर केलं.

धाकटा दारातच उभा होता. त्याच्या ओठांचे कोपरे आधी नुसते थरथरले. मग तो जो हसत सुटला तो दाराला टेकला, तिथून घसरत चपलांवरच बसला. "मौज!" एवढंच त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा निघत होतं. "वेलांटीकाकांच्या घरी मौज!" काकाही हसायला लागले, आणि हसताना त्यांना जाणवलं, की एकतीस वर्षं आपण ज्या गोष्टीला घाबरत होतो ती घडून गेली आणि घर जागेवरच आहे.

जेवणं झाल्यावर सहाशे पत्रिकांचा प्रश्न उरला.

"सोपं आहे," मावसभाऊ म्हणाला. "पत्रिका आहेत तशा वाटू. ग्रुपवर एक मेसेज टाकू, शनिवारऐवजी शुक्रवार वाचा."

सगळे एकदम काकांकडे बघायला लागले. मावसभाऊही ओशाळला आणि म्हणाला, "बरं, पेनं किती आहेत घरात?"

पोती वर आली. सतरंजी अंथरली गेली. काकांनी छापखान्यातून आणलेली काळ्या शाईची पेनं वाटली आणि दाखवलं, शनिवारवर एकच सरळ रेघ, वर बारीक अक्षरात शुक्रवार. घराला एकदम छापखान्याची कळा आली. काकू रेघा मारत होत्या आणि जिन्यावरून कशा पडल्या ते सांगत होत्या. काका ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मग कोणत्या गुडघ्याला लागलं?" काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "डाव्या."

सहा वाजून गेल्याचं पावणेसातला कुणाच्या तरी लक्षात आलं. कपाट मधूनमधून वाजत होतं. किल्ली आणायला कुणी उठलं नाही. सगळ्यांच्या हाताला शाई लागली होती.

शेवटचा गठ्ठा आत्याचा होता. पाकिटात भरायला म्हणून काकांनी त्यातली वरची पत्रिका उचलली. रेघ सरळ होती, अक्षर वळणदार होतं. फक्त आत्याने लिहिलं होतं, 'शूक्रवार'.

काकांच्या हाताने आपोआप पेनाचं टोपण काढलं. समोर बसलेला धाकटा चिकटवायचं थांबवून त्यांच्याकडे टक लावून पाहायला लागला. त्यालाही ते दिसलं होतं.

"नीट आलंय ना रे?" आत्याने विचारलं. "डोळ्यांना हल्ली कमी दिसतं."

काकांनी पेनाला टोपण लावलं. "अक्षर सुंदर आहे, आत्या," ते म्हणाले. त्यांनी पत्रिका पाकिटात घातली, पाकीट घट्ट चिकटवलं आणि पुढची उचलली. तीसुद्धा शूक्रवारचीच होती.