हाशादादाची खळ्यातली कॉमेंट्री

रेडिओवर डावखुरा फलंदाज खेळायला आला की करावे गावातली चाळीस माणसं उठून जागा बदलायची. तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्या चाळिसांत मीही होतो.

हे सगळं हाशादादाचं डोकं. भात झोडून खळं मोकळं झालं की कसोटी सामन्याच्या दिवशी तो खळ्यात आपला बॅटरीचा रेडिओ मांडायचा आणि लोकांना मैदानासारखं बसवायचा. मधे रेडिओ, म्हणजे फलंदाज. खाडीकडची बाजू ऑफ, डोंगराकडची लेग. स्लिपमध्ये तीन सख्खे भाऊ मांडीला मांडी लावून. बॉल ज्या बाजूला गेला तिथल्या माणसाचं नाव घेऊन हाशादादा सांगणार, "गेला बॉल नाम्याचे डोक्यावरनं, चार!" आणि नाम्या खरोखरच मान खाली घालणार. एकदा गोमाच्या जागेवर झेल सुटला, तर संध्याकाळी त्याच्या बायकोनं भाकरीबरोबर चार शब्दही वाढले म्हणे.

आता फलंदाजच डावखुरा निघाला तर खाडी डोंगराच्या जागी आणि डोंगर खाडीच्या जागी जायला हवा. ते जमेना, म्हणून माणसं उठायची. एक डावरा आणि एक उजवा जोडीनं खेळू लागले आणि एकेक धाव काढू लागले, तर आमची जत्रेतल्या पाळण्यासारखी गत व्हायची. "त्यांना चौकेच मारा म्हनावं," म्हातारे कण्हायचे. हाशादादा ऐकायचा नाही. "डोल्यांनी ऐका रं," हे त्याचं पालुपद. "बॉल कुठं गेला ते दिसला नाय, तर ऐकून काय उपेग?"

ही गोष्ट साठच्या आसपासची. नवी मुंबई हे नाव तेव्हा जन्माला यायचं होतं. मी घाटावरून इथं मास्तर म्हणून आलो होतो, चोवीस वर्षांचा, एकटा, ओल्या मासळीच्या वासानं हैराण झालेला. पहिल्याच आठवड्यात हाशादादानं मला खळ्यात बोलावलं, सगळ्यांच्या मागे एका पेंढ्यावर बसवलं आणि म्हणाला, "तू थर्ड मॅन. गावात नवीन हायस ना." त्या बोलीत देवालाही तू आणि मास्तरालाही तू. पण गावात मला मिळालेली ती पहिली जागा होती, आणि तिचं मोल मला आजही वाटतं.

हाशादादानं मुंबईच्या एका जिमखान्यावर अठरा वर्षं रोलर ओढला होता. त्याचं इंग्रजी मैदानापुरतं. मेडन ओव्हरला तो "कुवारी ओवर" म्हणायचा, पायचीतला "पायाची चोरी". पण इंग्रजी कॉमेंट्री ऐकून आगरीत सांगताना त्याचा बॉल कधी चुकला नाही, हे मी थोडंफार इंग्रजी जाणणारा माणूस म्हणून सांगतो.

मात्र अर्धी कॉमेंट्री त्याची नव्हतीच. ती शेजारी बसणाऱ्या जोमा तांडेलाची. जोमाची होडी होती, तिच्यावरचा तांडेल म्हणजे म्होरक्या तोच, आणि हाशादादा हल्ली तिथं मासेमारी शिकायला जायचा; इंग्रजीचं मात्र जोमाला अक्षर नाही. त्याच्याकडे दोन खाती. एक, दोन बॉलांच्या मधला रिकामा वेळ. तेव्हा तो खाडीतल्या गोष्टी सांगायचा: जिताडा जाळ्यातून कसा निसटला, कोणाची होडी चिखलात कशी रुतली. आणि दुसरं खातं लोकांच्या आरड्याचं. रेडिओतल्या प्रेक्षकांचा नुसता आवाज ऐकून तो गोष्ट अर्ध्यात टाकून म्हणायचा, "गेला." म्हणजे बाद. की हाशादादा खेकसायचा, "थोबार सांबाल. सायब अजून बोलला नाय." मग रेडिओतला साहेब बोलायचा, आणि गडी बादच असायचा. खळं हसून लोळायचं.

माझ्या तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात एका सामन्याला गर्दी फार झाली. रेडिओ सगळ्यांना ऐकू जावा म्हणून कोणीतरी तो भाताच्या पोत्यावर ठेवला आणि पोतं त्या दोघांच्या मधे आणलं. त्या दिवशी जोमाला काय झालं कोण जाणे. रेडिओत लोक बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, गडी परत चाललाय, आणि हा आपला बोयट मासळीची गोष्ट शांतपणे सांगतोय. असं चारदा झालं. लोक कुजबुजले. संध्याकाळी नाम्या म्हणाला, "जोमा म्हातारा झायला. मास्तरला इंग्रजी येतं. उद्या त्याला बसवा."

मी नको नको म्हणालो, पण मनात लाडू फुटत होते. हाशादादानं पोत्यावरचा रेडिओ उचलला. "एक दिस बस," म्हणाला. जोमा दुसऱ्या दिवशी खळ्याकडे फिरकला नाही.

त्या दिवशी मी काय अकलेचे तारे तोडले, ते आठवलं की आजही कान गरम होतात. हाशादादा "पायाची चोरी" म्हणाला की मी नियम समजावून सांगे. दोन बॉलांच्या मधे मी फलंदाजांच्या सरासरी सांगितल्या. जेवणाच्या सुट्टीला गेलेली स्लिप परत आलीच नाही. चहापर्यंत खळ्यात नऊ माणसं उरली, त्यातली तीन झोपलेली. आणि हाशादादाचं वागणं चमत्कारिक. पोतं त्यानं सकाळीच पुढे सरकवलं होतं आणि मला खेटून बसवलं होतं. रेडिओत आरडा झाला की त्याचा गुडघा माझ्या गुडघ्यावर दाणकन येई. चौकार गेला की एकदा, गडी बाद झाला की दोनदा. आपण फार चिकटून बसलोय असं वाटून मी सरकलो, तर तोही सरकला.

संध्याकाळी बांधावर त्याला गाठून विचारलं, "दादा, जोमाला ऐकू येत नाही ना?"

तो भरतीच्या पाण्याकडे वळला. "दोन वर्सं झायली," म्हणाला. "काल पोतं मधी आयला. आज सवयीनं तुजा गुडगा दाबला."

म्हणजे आरडा आधी हाशादादाच ऐकत होता. ऐकून स्वतःची जीभ दाताखाली धरत होता, गुडघा दाबत होता, जोमाला "गेला" म्हणू देत होता, आणि वर त्यालाच शिव्या घालत होता.

"तांडेल भयरा झायला असा कललं, तर त्याचे होरीत कोन बसंल?" हाशादादा म्हणाला. आणि मला एकदम उमगलं, की लाटेवर पोट ढवळणारा हा माणूस दोन वर्षांपासून रोज जोमाच्या होडीत का जातो. पन्नाशीत मासेमारी शिकायला निघाला म्हणून गाव त्याला हसत होतं. तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ओकत बसायचा आणि जोमाचे कान व्हायचा.

"पण तुम्ही इतकं का करता?" मी मूर्खासारखं विचारलं.

"माजे घरात कोन हाय? बायको गेली, पोर नाय," तो म्हणाला. "शिव्या द्याला तरी एक मानूस पायजे ना, मास्तर."

दुसऱ्या दिवशी खळ्यात मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की रेडिओवरच्या साहेबाचं इंग्रजी मला झेपत नाही, काल मी बरंच ठोकून दिलं. लोकांना त्यात नवल वाटलं नाही, हे जरा लागलं. लोकांनी पुन्हा मधे आणलेलं पोतं मी स्वतः उचलून कडेला ठेवलं आणि माझ्या पेंढ्यावर जाऊन बसलो. नाम्या जाऊन जोमाला घेऊन आला. दहाव्या मिनिटाला जोमा म्हणाला, "गेला," हाशादादा खेकसला, आणि तिन्ही स्लिपा लोळल्या.

पुढे पस्तीस वर्षं शाळांतून काढली. वर्ग कसा धरावा, दुसऱ्याला कधी बोलू द्यावं, आपल्याला उत्तर येत असताना गप्प कसं बसावं, यातलं मला जे थोडं जमलं ते ट्रेनिंग कॉलेजात नाही शिकलो. त्या दोघांचा मी ऋणी आहे.

सामना संपला त्या संध्याकाळी जोमा माझ्या खोलीवर आला. हातात हाताएवढा जिताडा. तो माझ्या ओठांकडे बघत होता, म्हणून मी सावकाश बोललो, "जोमादादा, हे कशाला?" त्यानं धोतर वर करून डावा गुडघा दाखवला. सगळा काळानिळा.

"हाशा लय जोरानं मारतो," तो म्हणाला. "त्याला बोलू नको, मास्तर. मना लागतं असा कललं, तर हलू मारंल."