उभेच आहात तर…

अण्णांनी उभी हयात लोकांना खुर्चीत बसवून त्यांचे केस कापले. (‘उभी हयात’ हा शब्द त्यांच्यासाठीच निघाला असावा.) दुकान बंद करून घरी येऊन टेकणार, तोच बायको म्हणायची, “उभेच आहात तर पंखा पुसून घ्या.” त्यामुळे डाव्या पोटरीवर शिरा दोरीसारख्या फुगल्या, तेव्हा अण्णांना दुखण्याइतकाच आनंदही झाला. आता ऑपरेशन, आणि मग महिनाभर पलंग.

“टाके किती पडतील?” त्यांनी आशेने विचारलं.

“टाके कसले?” डॉक्टर म्हणाले. “सुईएवढ्या भोकातून लेझरची तार घालायची, शीर आतून बंद करायची. संध्याकाळी चालत घरी.”

अण्णांचं तोंड उतरलं. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना उभं करून (इथेही उभंच) डाव्या पायावर पेनाने शिरा आखल्या. “शाई वाळेपर्यंत हलू नका.”

डॉक्टरांची पाठ वळताच अण्णा बाकावर बसले, तेही पायावर पाय टाकून. पलंग तर हुकलाच होता, निदान एवढं तरी.

ते आत गेले तेव्हा डाव्या पायाचा नकाशा उजव्या पायावर छापून निघाला होता.

सिस्टर थबकल्या. “नक्की कोणता पाय?”

अण्णांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन पाय म्हणजे दुप्पट विश्रांती. “दोन्ही,” ते कण्हत म्हणाले.

“उजवा कधीपासून?” बायकोने दारातून विचारलं. “सकाळी तर त्याच पायाने मांजर हाकललंत.”

डॉक्टरांनी शाई पुसली, दोन्ही पायांवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि सगळं नव्याने आखलं. “उजवा झकास आहे. त्याच्यावर अजून दोन दुकानं चालतील.”

अखेर डाव्याच पायाचं काम झालं. त्यावर मांडीपर्यंत असा घट्ट मोजा चढला की अण्णांचे डोळे मोठे झाले. मग डॉक्टरांनी (अण्णांना सोडून) बायकोला बजावलं, “यांना एका जागी उभं ठेवू नका. झोपवूनही ठेवू नका. चालू द्या. आणि पायावर पाय अजिबात नाही.”

घरी आल्यावर बायको सोफ्यावर बसली, पायावर पाय टाकून. “आता मी तुम्हाला कधी ‘उभेच आहात तर’ म्हणणार नाही हो,” ती मायेने म्हणाली.

अण्णांना भरून आलं.

“चालतच आहात तर गच्चीवरचे कपडे काढून आणा. आणि लिफ्टने जाऊ नका, डॉक्टर रागावतील.”