हिशेबासाठी घेतलेला कम्प्युटर

कळंबच्या बाजारात गौरीशंकरअप्पांना कोणी फसवल्याचं ऐकिवात नाही. निदान अप्पांनी तरी ते कुणाला सांगितलेलं नाही. बापजाद्यांपासून धान्याची अडत, पोत्यात हात घातला की माल ओळखणार. त्यामुळं लेकीसाठी गेम खेळायचा कम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "माल मी निवडतो. तू नुसती बरोबर ये."

लेक शिवलीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. चौघी पोरींची टीम, रविवारी ऑनलाइन स्पर्धा, आणि तो बंदुकांचा गेम मोबाइलवर चालत नव्हता. बाकी तिघींकडं मशिनं होती. रविवारपर्यंत हिचं जमलं नाही, तर हिच्या जागी दुसरी येणार होती. ठरलेल्या पैशात कोणता प्रोसेसर, कोणतं ग्राफिक्स कार्ड, ते कार्ड पेलायला किती ताकदीचा पॉवर सप्लाय, सगळं तिला पाठ. दिवे लावलेल्या झगमगीत कॅबिनेटवर तिनं आधीच पाणी सोडलं होतं. दिवे काही गोळ्या मारत नाहीत. पैसा कार्डात घालायचा. एवढी अक्कल घर बांधणाऱ्यांनाही नसते. दारावर कमान आधी होते, संडास मागून.

अप्पांचा खरेदीचा एक खाक्या होता. आपली गरज समोरच्याला कळू द्यायची नाही. तुरीवर डोळा असला की हे हरभऱ्याची चौकशी करत बसणार. एसटीत येरमाळ्यापर्यंत त्यांनी लेकीला हेच शिकवलं, आणि येडशी मागं पडल्यावर बजावलं, की दुकानात तोंड उघडायचं नाही.

आता खरं सांगतो. खाक्या हे निमित्त होतं. पोरगी गेम खेळते, हे चारचौघांत म्हणायला अप्पांची जीभ रेटत नव्हती. पोरगा असता तर गावभर सांगत फिरले असते. आपल्याकडं लाजेलाच हुशारी म्हणतात, आणि तिचा भुर्दंड घरातल्या बाईनं सोसायचा असतो.

धाराशिवच्या दुकानात मालक कुमार स्वतः गल्ल्यावर होता. कम्प्युटर कशासाठी पाहिजे, असं त्यानं विचारलं. शिवलीलाचे ओठ हलायच्या आत अप्पा म्हणाले, "अडतीच्या हिशेबाला."

कुमार सरळ माणूस. हिशेबाला ग्राफिक्स कार्ड कशाला, म्हणून ते त्यानं धरलंच नाही. कार्ड नाही तर मोठा पॉवर सप्लाय कशाला, तोही गेला. अप्पा आतल्या आत फुगले. दुकानदार आपण होऊन भाव खाली आणतोय, हे ते जन्मात पहिल्यांदा बघत होते. शिवलीला कोपऱ्यातून डोळे वटारत होती, ते त्यांना कौतुक वाटलं. वाचलेल्या पैशात त्यांनी दुकानातलं सगळ्यात जड कॅबिनेट निवडलं. दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतला, काचेवर टिचकी मारली. आत दिवे होते, लग्नाच्या मांडवागत. वर बिलं छापायला प्रिंटर घेतला.

परतीच्या एसटीत अप्पा खोकं मांडीवर घेऊन बसले, नवसाचं पोर धरल्यासारखं. कार्डाशिवाय गेम चालणार नाही, असं शिवलीलानं सांगून पाहिलं. एवढी दणकट पेटी, न चालायला काय झालं, म्हणाले. पलीकडच्या अडतीचा ज्ञानोबा गाडीत भेटला, त्यालाही हिशेबाचंच सांगितलं.

संध्याकाळी सरावाचा सामना होता. पेटी झगझगली, आणि पडद्यावर शिवलीलाचा शिपाई चिखलात रुतलेल्या बैलागत एक पाय उचलून थांबला. दुसरा उचलेपर्यंत मेला. पुन्हा उठला, पुन्हा मेला. मैत्रिणी हेडफोनातून विचारत होत्या, झोपलीस का म्हणून. तेवढ्यात ज्ञानोबा नवीन हिशेब बघायला दारात हजर.

"ह्यो बंदूकवाला कोण?"

अप्पांनी क्षणभर विचार केला. "वसुलीचा माणूस."

"मग हालत का न्हाय?"

"उधारी लई जुनी हाय."

ज्ञानोबा मान डोलावत गेला. अप्पा हसत वळले, तर शिवलीलानं मशीन बंद केलं होतं. ती रडत नव्हती. रडली असती तर समजूत तरी घालता आली असती.

"टीमनं दुसरी पोरगी बघायला घेतली," ती म्हणाली. "अप्पा, ज्वारी घ्यायला गेलो असतो तर मी गप बसले असते. ह्यातलं मला कळत होतं. तुमाला माझी लाज वाटली."

जन्मभर दुसऱ्याच्या मालाचा भाव पाडला अप्पांनी. दुकानात आपण कुणाचा भाव पाडून आलो, ते त्या झगझगीत पेटीपुढं त्यांना कळलं.

सकाळी पेटी घेऊन दोघं परत धाराशिवला. दुकानात गर्दी. काय बिघडलं, कुमारनं विचारलं. अप्पा काउंटरवर वाकून पुटपुटले. त्याला ऐकू गेलं नाही. मग अप्पा एवढ्या मोठ्यानं बोलले की सगळी गिऱ्हाईकं वळली.

"बिघडलं काय न्हाय. माझी पोरगी गेम खेळती. गेमसाठीच पाहिजे होता."

आभाळ कोसळलं नाही. लोकांनी एकदा बघितलं आणि जो तो आपल्या चार्जरच्या वायरीकडं वळला. ज्या वाक्याला भिऊन अप्पांनी एवढा उद्योग केला, त्याची बाजारात तेवढीच किंमत निघाली.

कुमार हसला. "काका, गेमसाठी म्हणून कोण नेतच न्हाय. सगळ्यांचा हिशेबच. मग परत येतात, कार्ड मागायला. बोला ताई, कुठलं पाहिजे?"

शिवलीला बोलली. जड कॅबिनेट गेलं, प्रिंटर गेला. साधी पत्र्याची पेटी आली, कार्ड आलं, त्याला पेलणारा पॉवर सप्लाय आला. अप्पा स्टुलावर बसून ऐकत राहिले. एक शब्द कळला नाही, पण लेक घासाघीस झकास करते, एवढं कळलं.

टीमला दुसरी पोरगी मिळायच्या आत मशीन जागेवर आलं. रविवारी चौघी खेळल्या आणि दुसऱ्याच फेरीत हारल्या. पेटीनं दगा दिला का, असं अप्पांनी भीतभीत विचारलं.

"न्हाय, पेटी मस्त पळाली," शिवलीला म्हणाली. "मीच चुकीच्या दारानं आत गेले."

आणि चक्क हसली. आपल्या स्वतःच्या चुकीनं हारायला मिळणं हीसुद्धा मिळकत असते, हे अप्पांना कुठलं कळायला! ते सोमवारी अडतीवर भेटेल त्याला सांगत होते, की आमची शिवलीला गेमात थोडक्यात हुकली, तिची काही चूक नव्हती, दारच चुकीच्या जागी बसवलेलं होतं.